घरची मिरची, घरचे बी
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. आम्ही बँकेतले लिपिक, कला शाखेचे पदवीधर. शेतीशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. परंतु गेली बारा-चौदा वर्षे आम्ही उभयता आमच्या गॅलरीत मिरची लावतो आणि तिचे बी विकत आणत नाही. आदल्या वर्षीच्या झाडाचे बी पुढल्या वर्षी पेरतो. त्या अनुभवाच्या आणि थोड्याफार वाचनाच्या आधारे आपल्यापुढे चार शब्द मांडणार आहोत. विषय किरकोळ वाटेल, पण तो आपल्या ताटातला आहे. ज्या घरी डाळ शिजत नव्हती त्या घरीही भाकरीवर ठेचा होता.

मुळात मिरची आपल्या देशाची नव्हे. ती मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची. १४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचला, त्यानंतर ती बाहेरच्या जगाला कळली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या जहाजांबरोबर सोळाव्या शतकात मिरची आपल्याकडे आली. तत्पूर्वी आपले पूर्वज तिखटासाठी मिरी, पिंपळी आणि आले वापरीत. मिरीवरूनच हिचे नाव मिरची पडले.

आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, परक्या मुलखातून आलेल्या या बियांपासून आपल्याकडे किती तऱ्हा निर्माण झाल्या! अंगाने बारीक पण जिभेला झोंबणारी लवंगी, रंगाला गडद व तिखटाला बेताची ब्याडगी, संकेश्वरी, नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी, गोव्यातल्या काणकोणची खोला. हे वाण कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झाले नाहीत. दरवर्षी तोडणीच्या वेळी चांगले झाड हेरून त्याचे बी उतरंडीत राखून ठेवणाऱ्या हातांनी ते घडविले. त्यात बहुतेक हात बायकांचे होते आणि त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. २०११ साली ब्याडगी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले. ते मानांकन खरे पाहता त्या निनावी हातांच्या निवडीचेच आहे.

मित्रहो, हीच विद्या आज घराघरांतून निघून चालली आहे. पीककर्जाच्या हंगामात आमच्या काउंटरवर बियाण्यांच्या पावत्या येतात. तळहातावर मावेल एवढी संकरित मिरचीची पुडी आणि तिची किंमत काही शे रुपये! बाजारासाठी पिकविणाऱ्या शेतकऱ्याने ती घेऊ नये असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. संकरित वाण उत्पन्न जास्त देतो, माल एकसारखा येतो आणि त्याचा हिशेब त्याला ठाऊक असतो. पण आजीला येत होते ते नातवाला येत नाही, आणि पुडी मिळाली नाही तर पेरायचे काय हे सांगता येत नाही, ही स्थिती काही चांगली नव्हे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. संकरित मिरचीचे बी उगवतच नाही, असे पुष्कळजण सांगतात. ते खरे नाही. बी उगवते, झाडाला मिरच्याही लागतात. पण त्या आईबापांसारख्या निघतील याची हमी नसते. दोन वेगवेगळ्या वाणांचा मुद्दाम संकर केला की पहिली पिढी एकसारखी येते; दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ साली हाच नियम प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी तो परीक्षेपुरता पाठ न करता कुंडीत पाहावा. म्हणून बी राखायचे असेल तर सुरुवात देशी किंवा सुधारित वाणापासून करावी. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची पुसा ज्वाला, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले ज्योती हे असे सुधारित वाण आहेत. पुडीवर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिले असेल तर ती या कामासाठी घेऊ नये.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिला नियम हा की, आधी झाड निवडावे, मग फळ. निरोगी, भरपूर लागलेले आणि आपल्याला हव्या त्या चवीचे झाड हेरून त्याला दोरा बांधावा. पाने आकसलेली, म्हणजे बोकड्या पडलेली झाडे वगळावीत. फळावर डाग असेल तर ते बियाण्याला घेऊ नये, कारण काही रोग बियांबरोबरच पुढे जातात. हिरव्या मिरचीचे बी कच्चे असते. फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावे. वाण्याकडच्या वाळल्या मिरचीतले बी कधीकधी उगवते, परंतु ते किती जुने आणि कोणत्या वाणाचे हे कळत नाही.

आणि येथेच मनाची परीक्षा होते. सर्वांत चांगली मिरची खायची नाही, ती बियाण्याला ठेवायची. माणूस उत्तम ते खातो आणि उरलेले पेरतो. असे चार वर्षे केले की वाण उतरतो आणि दोष मातीला दिला जातो. आमच्या घरी या बाबतीत सौभाग्यवतींचा शब्द अखेरचा असतो. दोरा बांधलेल्या झाडाला पाहुणे आले तरी हात लागत नाही.

दुसरी दक्षता परागाची. मिरचीच्या फुलात स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असतात, त्यामुळे ती स्वतःच फळते. पण मधमाश्या दुसऱ्या झाडाचे परागही आणतात. शेजारच्या कुंडीत ढोबळी मिरची असेल तर तिचाही संकर होतो, कारण दोघींची जात एकच. त्या वर्षीचे फळ मात्र जसेच्या तसे दिसते. फरक कळतो तो पुढल्या वर्षी. ज्यांच्याकडे दोन-तीन वाण आहेत त्यांनी कळ्या उमलण्यापूर्वी एका फांदीवर मलमलीची पिशवी बांधावी, रोज फांदीला हलकी टिचकी मारावी, फळ धरले की पिशवी काढून दोरा बांधावा.

बी काढताना हातात प्लॅस्टिकची पिशवी घालावी. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन नावाच्या द्रव्यामुळे असतो. ते बियांत नव्हे, तर बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गरात तयार होते. नुसत्या पाण्याने ते जात नाही. आधी तेल लावून मग साबणाने हात धुवावेत आणि तोवर डोळ्यांना हात लावू नये. गंमत अशी की पाखरांना हे तिखट जाणवत नाही. ती फळ खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात.

काढलेले बी कागदावर पसरून सावलीत पाच-सहा दिवस वाळवावे. वाकविले असता न वाकता तुटले की बी वाळले असे समजावे. मग कागदाच्या पुडीत घालून काचेच्या बरणीत, तळाशी थोडी सुकी राख टाकून, थंड जागी ठेवावे. पुडीवर वाणाचे नाव आणि तारीख लिहावी. बँकेच्या सवयीने आम्ही वहीत नोंदही ठेवतो. नोंद नसलेले बी म्हणजे नाव नसलेली ठेव, ती कोणाला परत द्यायची हे कळत नाही! अशा रीतीने ठेवलेले बी दोन-तीन वर्षे चांगले राहते.

पेरण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात. आठ ते चौदा दिवसांत बारा बिया उगवल्या तर उगवण ६० टक्के झाली. प्रमाणित मिरची बियाण्याला आपल्याकडे किमान एवढीच उगवण लागते. म्हणजे घरचे बी कायद्याच्या कसोटीलाही उतरले!

पेरणी मे अखेर ते जून, किंवा उन्हाळी पिकासाठी जानेवारी-फेब्रुवारीत करावी. बी अर्धा सेंटिमीटरपेक्षा फार खोल जाऊ नये. माती ओलसर असावी, चिखल नसावा. जास्त पाण्यानेच कोवळी रोपे कोलमडतात. पाच-सहा आठवड्यांनी रोप बारा इंची कुंडीत किंवा तळाला भोके पाडलेल्या तेलाच्या डब्यात लावावे. निम्मी माती, बाकीचे कुजलेले शेणखत व थोडी वाळू पुरते. पाच-सहा तास ऊन मात्र हवेच. पाने आकसू लागली तर फुलकिडे किंवा कोळी आले असे समजून पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांत हिरवी मिरची मिळते. बियाण्याचे फळ लाल होण्यास आणखी महिनाभर लागतो.

आपल्यापैकी अनेकांच्या नावावर सातबारा नाही, हे आम्ही जाणतो. परंतु बी राखण्यासाठी एकरभर जमीन लागत नाही, चाळीच्या गॅलरीतला एक डबा पुरतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान वाणांचे बी जमविले, राखले, इतरांना वाटले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विद्या फक्त पुस्तकातच असते असे मानणाऱ्या आम्हा पदवीधरांना हा मोठा धडा आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेच्या पुडीत मात्र विकता येत नाही. हक्क कागदावर असतो. तो टिकतो वापरण्याने. ज्याला बी राखताच येत नाही त्याला बी राखण्याच्या हक्काचा उपयोग काय?

विद्यार्थी मित्रहो, आपण घरी गेल्यावर एक काम करावे. आजीला किंवा गावाकडच्या आत्याला विचारावे की तुम्ही कोणती मिरची लावीत होता आणि बी कसे ठेवीत होता. ते वहीत लिहून घ्यावे. बी मिळाले तर दहा दाणे आपण पेरावेत आणि दहा शेजाऱ्याला द्यावेत. एकाच घरात असलेले बी एका उंदराने संपते. दहा घरांत वाटलेले बी संपत नाही.