लवणप्रिय जीवांचे कपाट



मिठागरातील पाणी आटत आले की त्यावर कधी तांबूस छटा चढते. खारवलेल्या मासळीवरही तसेच डाग पडतात. ही करणी बहुधा लवणप्रिय सूक्ष्मजीवांची. गोड्या पाण्यात त्यांच्या पेशी फुटतात. रूपावरून शास्त्रज्ञांनी त्यांना जिवाणूंत गणले व ‘हॅलोबॅक्टेरियम’ असे नाव दिले. पुढे कार्ल वूस व त्यांच्या सहकाऱ्यांनी रायबोसोममधील आरएनए ताडून पाहिले. १९७७ नंतर हे जीव जिवाणूंहून अगदी निराळ्या शाखेचे ठरले. १९९० मध्ये त्या शाखेस ‘आर्किया’ हे नाव सुचविले गेले. जुने नाव मात्र आजही तेच आहे.

ग्रंथपालांना हे नवे नाही. मुखपृष्ठ पाहून लावलेला ग्रंथ मजकूर वाचल्यावर दुसऱ्या कपाटात जातो. दाखल क्रमांक तोच राहतो.