जर्मनीचे देहचित्र आणि आपला एक रकाना
(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मुलांनी आताच मल्लखांबाची प्रात्यक्षिके सादर केली, तेव्हा निवेदकांनी बर्लिनचा उल्लेख केला. तो यथार्थ आहे. वैद्य बंधूंनी 1914 साली स्थापन केलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 साली ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनला गेले आणि तेथे त्याने मल्लखांब व हुतूतू हे आपले खेळ दाखविले. वऱ्हाडातील तरुणांनी पारतंत्र्याच्या काळात हे करावे, याचा अभिमान कोणास वाटणार नाही? मलाही वाटतो. मात्र ज्या चौकटीत हे देह त्या दिवशी पाहिले गेले, तिच्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

त्या क्रीडामहोत्सवावर लेनी रीफेनश्टाल यांनी काढलेला 'ओलिंपिया' हा चित्रपट 1938 साली प्रदर्शित झाला. प्रारंभी ग्रीक मंदिरांचे भग्नावशेष आणि संगमरवरी पुतळे दिसतात. त्यांतील थाळीफेक करणारा पुतळा पाहता पाहता विरघळतो आणि त्याच्या जागी जिवंत जर्मन खेळाडू उभा राहतो. छायाचित्रण अप्रतिम आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. जेसी ओवेन्सची धावही त्यात डोळे भरून पाहता येते. परंतु ज्या राज्यसत्तेच्या पैशावर तो चित्रपट निघाला, तिला त्या पुतळ्यातून एवढेच सांगावयाचे होते की, निर्दोष देह आमच्या वंशाचा आहे आणि त्यावर मालकी राष्ट्राची आहे.

त्या चौकटीबाहेर कोण होते? ग्रेटेल बर्गमन ही उंच उडी मारणारी मुलगी 1.60 मीटरची राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी करूनही केवळ ज्यू म्हणून संघाबाहेर राहिली. आणि स्पर्धा सुरू होण्यापूर्वी पंधरवडाभर, 16 जुलै 1936 रोजी, बर्लिनमधील सुमारे सहाशे रोमा व सिंती स्त्रीपुरुषांना मुलाबाळांसह पकडून शहराबाहेर मार्त्सान येथे, सांडपाण्याच्या शेतालगत, नेऊन ठेवण्यात आले. पाहुण्यांना शहर स्वच्छ दिसावे, हा हेतू.

हे रोमा कोण, हे येथे जयपुरात सांगताना मला विशेष वाटते. शेकडो वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेलेल्या लोकांचे ते वंशज. त्यांची भाषा आपल्या मराठीच्या आणि येथील ढूंढाडीच्याच कुळातली. नाकाला ते नख म्हणतात, कानाला कन, दाताला दन्द, केसांना बल, जिभेला छिब. एकाच उन्हाळ्यात, एकाच शहरात अमरावतीच्या पोरांसाठी टाळ्या वाजत होत्या आणि ज्यांच्या नाकाकानाची नावे आपल्यासारखीच आहेत ते कुंपणाआड होते. त्याच वर्षी रॉबर्ट रिटर या डॉक्टराचे वंशसंशोधन केंद्र सुरू झाले. त्याच्या माणसांनी या लोकांची डोकी मोजली, समोरून आणि बाजूने छायाचित्रे घेतली, वंशावळी लिहिल्या. मार्त्सानमधील बहुतेकांना 1943 मध्ये आउशविट्झला पाठविण्यात आले, ते याच नोंदींच्या आधारे. तीस वर्षे सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाला रकान्याची ताकद वेगळी सांगावी लागत नाही.

याच बर्लिनमध्ये आधी आठ वर्षे एक मराठी स्त्री कवट्या मोजत बसली होती. महर्षी कर्वे यांच्या स्नुषा इरावतीबाई 1928 साली तेथे गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेचा वंशाशी संबंध असून त्यातून युरोपियनांची बौद्धिक श्रेष्ठता सिद्ध होईल, असे फिशर यांचे गृहीतक होते. बाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध आढळत नाही, असे लिहून दिले. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध, तेही ज्यांच्या शेऱ्यावर पदवी अवलंबून त्यांच्यासमोर! पुढे महाराष्ट्रातही त्यांनी आयुष्यभर माणसांची मापे घेतलीच. म्हणजे दोष मोजपट्टीचा नव्हे. उत्तर आधी ठरवून मोजण्याचा आहे.

चित्रकलेतही तेच झाले. पहिल्या महायुद्धात लढलेल्या ओटो डिक्स यांनी 1920 साली हातपाय गमावलेले चार सैनिक रस्त्याने चाललेले रंगविले. 1937 साली म्युनिकमध्ये ते चित्र 'अधःपतित कला' म्हणून टांगले गेले, वर वीरांचा अपमान केल्याचा ठपका. तुटलेला देह या राजवटीला चित्रातसुद्धा सोसवेना. त्यापूर्वीच, 1933 च्या कायद्याने, तिने माणसांची सक्तीची नसबंदी आरंभिली होती; पुढे ती सुमारे चार लाखांवर गेली. आपल्या या शहरात मात्र 1968 साली रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा असा पाय घडविला की तो लावून माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, शेतात अनवाणी चालतो.

आता घरचा विषय. आपल्या मंडळाच्या वधूवर नोंदणीच्या अर्जात चौथा रकाना 'वर्ण' असा आहे आणि त्यापुढे गोरा, गव्हाळ, सावळा असे तीन पर्याय छापले आहेत. बर्लिनशी त्याची तुलना करण्याइतका मी अविचारी नाही. पण हा अर्ज बहुधा आईवडील भरतात, आणि त्या रकान्यापाशी लेखणी थांबते, हे मी पाहिले आहे. गव्हाळ लिहावे की गोरा, यावर मुलीच्या देखत चर्चा होते. ती मुलगी आताच मल्लखांबावर असते.

कार्यकारिणीने हा रकाना काढून टाकावा, अशी सूचना मी आज रीतसर मांडतो. शिल्लक अर्ज संपेपर्यंत वापरू, असा काटकसरीचा युक्तिवाद कृपया कोणी करू नये. नव्या छपाईचा खर्च मी देईन.