पंप का कुरकुरतो?



वसंतातल्या या व्यासपीठावर वेदान्त, इतिहास, काव्य असे विषय शोभतात. आम्ही पंपावर बोलणार म्हटल्यावर चिटणीसांनाही जरा हसू आले. आम्ही इंजिनिअर नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, फिटर मंडळींजवळ आणि नगरवाचनालयात.

या विषयाशी गाठ पडली ती एका चौकशीमुळे. एका कारखान्यात दाबयंत्राला तेल पुरवणारा पंप वर्षात दोनदा निकामी झाला. रात्रपाळीच्या कामगारावर हलगर्जीपणाचा आरोप आला आणि त्याला निलंबित केले. तो एवढेच म्हणे, "भाऊ, थंडीत पहाटे पंप खडी दळल्यासारखा आवाज करतो. मी तीनदा सांगितलं." सांगितले खरे, पण तोंडी. आणि कबूल करावयास हवे की, एकदा त्याने ते आम्हालाही सांगितले होते. "यंत्र आहे, आवाज करणारच," असे म्हणून आम्ही त्याला वाटेला लावले होते. आता त्याची बाजू मांडायची तर पंपात काय बिघडते हे आधी आम्हालाच समजून घेणे भाग पडले.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे पाहता तो ओढीत नाही. तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो, आणि बाहेरची हवा टाकीतल्या किंवा विहिरीतल्या पाण्यावर दाब देऊन ते नळातून वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा हा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलतो, अधिक नाही. नळातले घर्षण वजा जाता सहा-सात मीटरांपलीकडे भरवसा धरू नये. म्हणून तर उन्हाळ्यात पाणी खोल गेले की शेतकरी मोटर विहिरीत खाली उतरवतो.

दुसरी गोष्ट अशी की, पाणी केवळ तापवल्यानेच उकळते असे नाही. दाब उतरवला तरी उकळते. महाबळेश्वरी ते सुमारे ९५ अंशांवरच उकळते. दाब हवेच्या दाबाच्या साधारण चाळिसाव्या हिश्श्यावर आणला, तर २० अंशांचे गार पाणीदेखील उकळू लागते. पंपाच्या तोंडाशी दाब फार उतरला की हेच घडते. वाफेचे बारीक बुडबुडे उठतात, प्रवाहाबरोबर पुढे जातात आणि जास्त दाबाच्या जागी पोहोचताच एकदम आत कोसळतात. कोसळताना धातूवर अतिसूक्ष्म पण जबर तडाखा बसतो. असे असंख्य तडाखे बसून पाते देवीच्या व्रणांसारखे खडबडीत होते. खडीचा आवाज येतो तो याच तडाख्यांचा. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात.

हा रोग प्रथम ओळखला गेला तो जहाजांच्या पंख्यांत. पार्सन्सची 'टर्बिनिया' १८९४ साली पाण्यात उतरली, पण वेग काही येईना. त्यांनी काचेच्या खिडक्यांच्या टाकीत पंखा फिरवून बुडबुडे डोळ्यांनी पाहिले, पंख्यांची रचना बदलली, आणि १८९७ साली तीच बोट ३४ नॉटपर्यंत धावली. १९१७ साली लॉर्ड रॅले यांनी कोसळत्या बुडबुड्याचे गणित मांडले.

तेलाची तऱ्हा थोडी निराळी. खनिज तेलात आकारमानाने सुमारे ९ टक्के हवा विरघळलेली असते. दाब उतरला की तीही बाहेर पडते. शिवाय थंडीत तेल घट्ट होते आणि नळातून पंपापर्यंत वेळेवर पोहोचत नाही.

आमच्या चौकशीत एका जुन्या फिटरने पंपाच्या आधीच्या नळावर निर्वातमापक बसवला. पहाटे काटा नको तितका चढला. तेल तापल्यावर उतरला. टाकीतली गाळणी उघडली, तर ती गाळाने गच्च भरलेली. तेलही पंप बनवणाऱ्याने सांगितल्यापेक्षा जाड भरलेले. दोन्ही दुरुस्त केले. आवाज थांबला, आरोप मागे घेतला गेला. पण निलंबनाच्या काळातला अर्धा पगार बुडाला तो बुडालाच.

तेव्हा काळजी काय घ्यावी? पंप शक्य तितका खाली आणि टाकी वर ठेवावी. बॉयलरला गरम पाणी देणाऱ्या पंपाला तर हे हवेच, कारण ते पाणी आधीच उकळण्याच्या बेतात असते. आत येणारा नळ आखूड, रुंद आणि कमी वळणांचा असावा. गाळणी ठरल्या दिवशी साफ करावी. टाकीचे हवा घेण्याचे छिद्र बुजू देऊ नये. पाण्याच्या पात्यांच्या पंपाचा प्रवाह कमी करायचा झाल्यास बाहेरच्या बाजूचा व्हॉल्व्ह आवळावा, आतल्या बाजूचा कधीही नाही. तेलाच्या गिअर-पंपाचा मात्र बाहेरचा मार्गही कोंडू नये, नाहीतर काहीतरी फुटेल. टाकीत फेस दिसला तर बाहेरची हवा आत शिरत असण्याचा संभव असतो. नळाच्या जोडांवर थोडे तेल सोडून पाहावे. आवाज बदलला तर भोक तिथेच आहे असे समजावे.

आवाज पंपातून येतो, पण दोष बहुधा पंपाच्या आधी असतो. पंप बदलून तो जात नाही, आणि माणूस बदलूनही जात नाही. कामगार बंधूंना एवढेच सांगणे की, आवाज ऐकलात तर कागदावर लिहून द्या, तारीख घाला आणि पोच घ्या. आणि जे ऐकून घेण्याच्या जागी बसले आहेत, त्यात आम्हीही आलो, त्यांनी "यंत्र आहे, आवाज करणारच" हे उत्तर यापुढे देऊ नये.