घोणस चावली तर वेळ दवडू नका



हेंद्रेपाड्याच्या बाजूला आता घरं दाटली. तरी बदलापूर-अंबरनाथ भागात भातखाचरं आहेत. भात आलं की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. कापणीच्या वेळी पेंढ्याखाली, बांधाच्या कपारीत घोणस वेटोळं घालून पडलेली असते. तिच्याविषयी आज बोलू.

आपण खाल्लेलं अन्न पोटातली विकरं, म्हणजे पाचकद्रव्यं, फोडतात. घोणशीच्या विषात अशीच, पण फार जहाल विकरं असतात. ती रक्तवाहिन्यांच्या भिंती फोडतात, मांस कुजवतात. म्हणून चावल्या जागी सूज चढते, फोड येतात. विषातले काही घटक रक्त गोठण्याची शक्तीच संपवतात. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

निसर्गात याला उतारा आहे का? आहे. मुंगूस सापाशी झुंजल्यावर मुंगूसवेल खाऊन विष उतरवतं, असं आपण ऐकत आलो. खरी गोष्ट अशी, की मुंगसाच्या रक्तातच विषारी विकरांना जखडून ठेवणारी प्रथिनं आहेत. विकरांना लगाम घालणारी द्रव्यं माणसाच्या रक्तातही असतात. पण घोणशीच्या विषापुढं ती पुरी पडत नाहीत.

मग बाहेरून मदत लागते. घोड्याला थोडंथोडं विष टोचून त्याच्या रक्तात जी प्रतिद्रव्यं तयार होतात, त्यांपासून सर्पदंशावरची लस बनते. १८९९ साली स्थापन झालेल्या परळच्या हाफकिन संस्थेचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर ही एकच लस चालते.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. लस रक्तात फिरणारं विष निकामी करते. कुजलेलं मांस ती परत आणत नाही. भगताच्या अंगणात गेलेला तास पुन्हा मिळत नाही.

तेव्हा साप चावला तर असं करा :

१. माणसाला धीर द्या, चालवू नका. चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा.
२. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा.
३. दोरीनं आवळू नका, जखम चिरू नका, तोंडानं चोखू नका, पाला लावू नका.
४. १०८ क्रमांकावर फोन करा, किंवा मिळेल त्या वाहनानं सरकारी रुग्णालय गाठा. साप मारण्यात वेळ घालवू नका.
५. सूज नाही म्हणून घरी थांबू नका. मण्यारीच्या दंशाला बहुधा सूज येतच नाही.

रुग्णालयात नसेतलं थोडं रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून पाहतात. ते गोठलं नाही, तर विष भिनलं असं समजून लस सुरू करतात. लशीची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी.

शेवटी, कापणीला जाताना गमबूट घाला, पेंढा उचलण्याआधी काठीनं हलवा, रात्री बॅटरीशिवाय बांधावर जाऊ नका. पीक दरसाल येईल, गेलेला माणूस येत नाही.