उंबरठ्याच्या आतील अत्याचार

(छत्रपती संभाजीनगर येथील कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



स्त्रीवरील अत्याचार म्हटले की आपली दृष्टी रस्त्याकडे वळते. आज ती उंबरठ्याच्या आत वळवावी, अशी माझी विनंती आहे.

सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची कन्या जिजाऊ वेरूळच्या भोसले घराण्यात सून म्हणून आली आणि तिने हिंदवी स्वराज्याचा संस्थापक घडविला. त्याच वेरूळच्या आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे २००१ च्या जनगणनेत ८९० मुली होत्या. २०११ मध्ये ८५८ उरल्या. शेजारच्या बीडमध्ये तर अवघ्या ८०७! या मुली बाहेरच्या कुणी हिरावून नेल्या नाहीत. जन्मापूर्वीच घराने त्यांना नाकारले.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. अशी तपासणी झाल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, पतीने वा नातलगांनीच स्त्रीला त्यासाठी भाग पाडले, असे हा कायदा गृहीत धरतो. म्हणजे हा घाव कन्येबरोबर मातेवरही आहे.

कायदा सोनोग्राफी केंद्राच्या दारापर्यंत पोहोचतो. ‘मुलगाच हवा’ हा हट्ट मोडणे मात्र आपले काम. वस्तीतील एखाद्या सुनेवर असा दबाव येत असेल, तर ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी त्या घरी जाऊन स्पष्ट बोलावे. मुलगी जन्मल्यावरही तितक्याच आनंदाने पेढे वाटावेत. १२ जानेवारीला जिजाऊंना वंदन करताना आपल्या घरातील सून निर्भय आहे ना, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.