गाडी माझी, टॅग आप्पांचा

मंडळी, गाडीच्या पुढच्या काचेवर आतल्या बाजूनं एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. तिला आपण फास्टॅग म्हणतो. टोलनाक्यावर गाडी आली की दांडा वर जातो आणि पैसे कापले जातात. मला एवढंच ठाऊक होतं. या अर्धवट माहितीपायी मी तीन महिने एका माणसाचा देणेकरी होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. ती हकिगत आज सांगतो.

मी साताऱ्यात राहतो. २०२५ च्या मार्चमध्ये आमच्या पेठेतल्या आप्पांकडून त्यांची जुनी गाडी विकत घेतली. आप्पा एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. रात्रीचं नीट दिसेना, म्हणून त्यांनी गाडी काढली. मी शाळेत होतो तेव्हापासून ते मला ओळखतात आणि माझी पहिली कविता छापून आली तेव्हापासून ‘कविराज’ म्हणतात. आरसी माझ्या नावावर झाली, विमा झाला, स्टेपनी, जॅक, पाने मोजून घेतले. काचेवरचा टॅग तसाच राहिला. मला वाटलं, स्टेपनीसारखा तोही गाडीबरोबरच येतो.

मे महिन्यात माझ्या पत्नीचं दुखणं निघालं. मुलगी कोल्हापुरात असते, म्हणून उपचार तिथंच ठरले. ५ जूनपासून ओळीनं बारा गुरुवार सलाइनमधून औषध द्यायचं होतं. सकाळी निघायचं, रात्री परतायचं. वाटेत तासवडे आणि किणी हे दोन नाके. जाता-येता मिळून चार वेळा दांडा वर जायचा. शेजारच्या सीटवर आजारी माणूस डोळे मिटून बसलेलं असलं की गाडी थांबू नये एवढंच वाटतं. पैसे कुणाच्या खात्यातून जातात, हा विचार मनात आला नाही.

१५ ऑगस्टला राष्ट्रीय महामार्गांवर खासगी मोटारींसाठी वार्षिक पास सुरू झाला. तीन हजार रुपयांत एक वर्ष किंवा दोनशे फेऱ्या, जे आधी संपेल ते. टोलनाका एकदा ओलांडला की एक फेरी धरायची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या महामंडळाचा असल्यामुळे तिथं हा पास चालत नव्हता, पण आमच्या कोल्हापूरच्या रस्त्याला लागू होता. पुतण्या म्हणाला, “काका, तुमच्या दर आठवड्याला चार फेऱ्या होतात. पास काढा.” मंगळवारी बँकेत गेलो. खिडकीपलीकडच्या मुलीनं गाडीचा नंबर घातला आणि म्हणाली, “काका, या गाडीवर दुसऱ्या बँकेचा टॅग चालू आहे. तुमच्या नावावर टॅग नाही. ज्यांचा आहे त्यांनी तो बंद केल्याशिवाय नवा देता येणार नाही. एका गाडीला एकच टॅग.”

माझ्या अंगाला घाम फुटला. माझं अज्ञान पाहून तिनं शांतपणे समजावून सांगितलं. टॅगमध्ये पैसे नसतात आणि बॅटरीही नसते. आत एक बारीक चिप आणि तिला जोडलेली पातळ तार असते. नाक्यावरच्या यंत्रातून रेडिओलहरी येतात. त्यांच्याच बळावर टॅग जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. पुढं तो क्रमांक ज्या खात्याशी जोडलेला असेल, त्या खात्यातून रक्कम जाते आणि त्याच माणसाच्या फोनवर संदेश येतो. गाडी कोण चालवतंय, शेजारी कोण बसलंय, याच्याशी यंत्राला देणंघेणं नसतं.

मंडळी, ज्या रेडिओवरून मी आयुष्यभर कविता वाचल्या, त्याच्याच लहरी तीन महिने माझी खबर आप्पांना देत होत्या.

तसाच आप्पांकडे गेलो. “आप्पा, टोलचे पैसे तुमच्या खात्यातून जात होते. तुम्ही बोलला का नाहीत?” त्यांनी कपाटातून डायरी काढली. नियंत्रकाचा हात तो, सुटायचा कसा? तारीख, वार, वेळ, नाका, रक्कम असं सगळं रकाने पाडून लिहिलेलं. अकरा गुरुवार, चव्वेचाळीस नोंदी.

“पहिल्या गुरुवारी वाटलं, लेकीकडं गेला असशील,” आप्पा म्हणाले. “दुसऱ्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या गुरुवारी परतीचं तासवडे यायला रात्रीचे साडेनऊ वाजले. तेव्हा म्हटलं, हे लेकीकडचं जाणं नव्हे, दवाखान्याचं आहे. तुला टॅगबद्दल बोललो असतो, तर कुठं जातोस तेही तुला सांगावं लागलं असतं. तू होऊन सांगेपर्यंत विचारायचं नाही असं ठरवलं.”

थोडं थांबून त्यांनी विचारलं, “भाभींची तब्येत कशी आहे?”

मी सांगितलं. गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं, ते सगळं सांगितलं.

जकात हा शब्द आपल्या मराठीत नाक्यावर रुळला. शहरात माल आणणाऱ्याकडून ती घेत. २०१७ च्या जुलैमध्ये जीएसटी आला आणि मुंबईतलीही जकात बंद झाली. आमच्या घरात मात्र हा शब्द देण्याचा आहे. वर्षाच्या शिलकीतला चाळिसावा भाग गरजवंताला द्यायचा, आणि घेणाऱ्याला खाली बघायला लागू नये असा द्यायचा, ही शिकवण. आप्पांची डायरी पाहताना मला एकाच शब्दाचे हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिसले.

मी पैशांची गोष्ट काढली, टॅग लगेच बंद करू म्हणालो. आप्पा म्हणाले, “परवा शेवटचा गुरुवार आहे ना? तो जाऊ दे. जुना बंद आणि नवा चालू नाही, अशात नाक्यावर अडकशील. आजारी माणूस घेऊन तिथं वाद घालत बसायचं नाही. हिशेब नंतर.”

बारावा गुरुवारही पार पडला. शनिवारी आप्पांनी बँकेला कळवून टॅग बंद केला. यथावकाश त्यांची अनामत परत आली. मी अठ्ठेचाळीस नोंदींचे पैसे घेऊन गेलो. आप्पा नको नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी डायरी उघडली, बेरीज दोनदा तपासली आणि पैसे मोजून घेतले. मी वर शंभर रुपये ठेवले होते, ते परत केले. मला बरं वाटलं. त्यांनी पैसे नाकारले असते, तर पुन्हा त्यांच्या दारात जाताना माझी पावलं अडखळली असती.

आरसी, ओळखपत्र आणि मोबाइल नंबर देऊन नवा टॅग मिळाला. तो लावायलाही आप्पाच आले. जुना टॅग सोलताना आतली तार तुटते, तो पुन्हा दुसरीकडं लावता येत नाही. राहिलेला डिंक त्यांनी साबणाच्या पाण्यानं आणि दाढीच्या ब्लेडनं खरवडला, कोरड्या फडक्यानं काच पुसली. मग आरशामागं, काचेच्या वरच्या बाजूला मधोमध टॅग धरला आणि अंगठ्यानं कडा दाबल्या. “हातात धरून दाखवायचा नाही हो,” त्यांनी बजावलं. “तसे टॅग काळ्या यादीत टाकतात.” बँकेसाठी नंबरप्लेट आणि काचेवरचा टॅग दिसेल असे गाडीचे फोटो काढले.

पास मात्र मी घेतला नाही. आता महिन्यातून एकदाच तपासणीला जायचं असतं. वर्षाच्या फेऱ्या पन्नासच्या आतच राहतात.

तुम्ही गाडी विकाल तेव्हा आरसीबरोबर टॅगचंही बघा. विकणाऱ्यानं आपला टॅग बंद करावा, घेणाऱ्यानं आपल्या नावाचा लावावा. नाहीतर टोल एकाचा, भुर्दंड दुसऱ्याला. प्रत्येक गाडीमागं आप्पा नसतात.

त्या दिवशी हात धुताना आप्पा म्हणाले, “सगळं रीतसर झालं. पण आता मला कळणार कसं?”

सप्टेंबरात तपासणीला निघालो. किणीला दांडा वर गेला आणि या वेळी माझा फोन वाजला. पुढं चहाच्या टपरीशी गाडी बाजूला घेतली आणि आप्पांना फोन लावला.

“आप्पा, किणी गेलं.”

“किती वाजले?”

“नऊ वीस.”

“वेळेत आहेस,” ते म्हणाले. डायरीचं पान उलटल्याचा आवाज मला ऐकू आला. “भाभींकडं दे फोन.”