सोलापूरचा दर डोंबिवलीत लागत नाही

दुरुस्तीचं कोटेशन आलं की कुणीतरी म्हणतंच, "सोलापूरच्या भावाचं निम्म्यात झालं!" बँकेच्या बदल्यांमुळे मी सोलापूरलाही राहिलो, रत्नागिरीलाही. सोलापुरात गच्ची बहुतेक वर्षभर कोरडी. रत्नागिरीत ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारा वारा. पाणी मुरतं, सळई गंजून फुगते, प्लास्टर सुटतं. आपला पाऊस रत्नागिरीच्याच वळणाचा. शिवाय सात मजल्यांना परांची लागते. भावाच्या बैठ्या घराला शिडी पुरते! मजुरीचा फरक वेगळाच. उपविधींत दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आहे, दोन्ही गावांना सारखाच. आपलं तेवढ्यात भागणार नाही. वाढीव वर्गणीचा ठराव पुढच्या सभेत येतोय. कोटेशन ऑफिसात ठेवलंय, वाचून या.